करवतीचे हात

माझी नणंद कात्र्यांच्या कारखान्यात कात्री बसवायची. दोन पाती, मध्ये एक स्क्रू, बघणाऱ्याला वाटतं झाली कात्री. तशी ती होत नाही. दोन्ही पात्यांना केसाएवढा बाक लागतो. मिटताना ती मुळापासून टोकापर्यंत एका वेळी एकाच जागी भिडली पाहिजेत, नाहीतर कापड कापण्याऐवजी चावतात. हा बाक डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, अंगठ्याला कळतो. ती कात्री उघडायची, मिटायची, परत उघडायची, आणि टोकापासून दोन बोटांवर खरखर आहे हे तिला अंगठ्याच्या आत कुठेतरी कळायचं. मग पातं ऐरणीवर, हातोडीचा एक ठोका, पुढची कात्री. दिवसाला दीडशे. सव्वीस वर्षं.

कारखान्यात तिला तोंडावर 'ताई' म्हणायचे आणि पाठीमागे 'करवत'. नाव अगदी बरोबर होतं. शेजारच्या बाकावर एक चष्मेवाला कारागीर बसायचा, तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. त्याने बसवलेली कात्री तपासायला हातात आली की ती एकदा उघड-मीट करून त्याच्या ट्रेमध्ये खणकन टाकायची. "ही कात्री आहे की चिमटा?" सगळ्या खात्याला ऐकू जाईल अशा आवाजात. अठरा वर्षं तो माणूस मान खाली घालून ती कात्री परत उचलत होता.

घरी मी होते. मी तिच्या धाकट्या भावाची बायको. आई-वडील लवकर गेले, तिने भावाला वाढवलं, शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर तिच्या नावावर. ही गोष्ट ती आठवड्यातून एकदा तरी ऐकवायची. मी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवते. ती मला 'टाइपवाली' म्हणायची. "आमची टाइपवाली बोटं आपटायचे पैसे घेते," असं शेजारणींना सांगायची. मीही काही ऐकून घेणारी नव्हते. एरवी मी तिला 'ताई' म्हणायचे, पण डोकं फिरलं की मुद्दाम 'वन्सं' म्हणायचे, कारण त्या जुन्या शब्दाने तिच्या अंगाचा तिळपापड होतो हे मला माहीत होतं. चौदा वर्षं आम्ही अशा राहिलो. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर बाहेर. तो घरी आला की आम्ही दोघी त्याच्यासमोर गप्प व्हायचो, आणि आमचं बरं चाललंय असं त्याला वाटायचं.

ती अठ्ठेचाळीस वर्षांची असताना तिला ताप आला. आधी पोट बिघडलं, मग आठ दिवस ताप. नवव्या दिवशी सकाळी ताप उतरला, ती कामावर जायला म्हणून पलंगावरून उठली आणि जमिनीवर पडली. मी स्वयंपाकघरातून धावत आले तर ती पालथी पडली होती आणि ओरडत होती, "माझा हात कुठे आहे? हात कुठे गेला माझा?"

हात तिच्या पोटाखाली होता. मी तिला उताणी केली, हात काढून तिच्यासमोर धरला. तिने दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे पाहिलं.

नवऱ्याने आणि शेजाऱ्याने तिला खुर्चीत घालून खाली उतरवलं आणि कारखान्याच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेले. डॉक्टर घाईत होता. त्याने टाचणी टोचली. "टोचतंय?"

"टोचतंय, मूर्खा!"

"माझी बोटं दाबा."

तिने त्याच्या बोटांकडे रोखून पाहिलं आणि दाबली. डॉक्टर कळवळला. हात झटकत त्याने कागदावर लिहिलं की सर्व स्नायूंची ताकद उत्तम, अशक्तपणा सोडल्यास आजार नाही, आठ दिवसांनी कामावर हजर व्हावे. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मनाचं असतं काही बायकांचं. एकट्या आहेत ना? लक्ष हवं असतं. घरी फार कौतुक करू नका."

मला हे वाक्य इतकं गोड लागलं की जिना चढताना मी ते मनात घोळवत होते. कौतुक करायचा माझा बेत नव्हताच.

आणि खरं सांगते, ती सोंग करत नसेल असं मानायला मला एकही कारण दिसत नव्हतं. गरम चहाचा पेला हाताला लागला की ती किंचाळायची. म्हणजे कळत होतं! पण मी मागून खांद्यावर हात ठेवला तर तिला पत्ता नसायचा. बशी दिली तर खाली पडायची, कागदी पेला दिला तर चेंदामेंदा व्हायचा. अंथरुणावर पडल्या पडल्या तिची बोटं आपोआप वर-खाली व्हायची, जणू पाण्यातली वेल. मी म्हणायचे, "ताई, बोटं हलवणं थांबवा ना." ती म्हणायची, "कुठे हलतायत?" आणि आमचं भांडण पेटलं की तेच हात एकदम शहाणे व्हायचे. माझ्याकडे बोट दाखवून, तळहात उलटा करून, ठसक्यात. मी नवऱ्याला म्हणाले, "चमचा धरता येत नाही, पण माझ्यावर हात बरोबर नाचवता येतो. बघ तू." नवऱ्याने पाहिलं आणि तोही साशंक झाला.

कारखान्याने आठ दिवसांनी एक पत्र पाठवलं, नंतर दुसरं. दुसऱ्यात लिहिलं होतं की तिची जागा चष्मेवाल्याला दिली आहे. ते मी तिला वाचून दाखवलं. मला ते वाचायला आवडलं, हेही लिहून ठेवते.

तिसऱ्या आठवड्यात ती कशीबशी, भिंतीला टेकून, स्टुलावर बसायला लागली. न्हाणीघरात मी तिला स्टुलावर बसवायचे, ती मांड्यांकडे आणि पायांकडे टक लावून बसायची आणि कुणी बोललं तर खेकसायची, "बोलू नकोस, पडेन." आमच्या न्हाणीघराला खिडकी नाही. दिव्याचं बटण बाहेर भिंतीवर आहे. त्या दुपारी तिने साबणावरून मला बोल लावले. माझ्या आईपर्यंत गेली. मी रागाने दार लोटून बाहेर आले, आणि माझ्यासमोर ते बटण होतं.

मी विचार केला नाही असं म्हणणार नाही. विचार केला. एवढाच, की बघू या हिचं सोंग अंधारात किती टिकतं. सोंग असेल तर अंधारातही बसून राहील, आणि ओरडेल. मग मी नवऱ्याला सांगेन.

मी बटण बंद केलं. एक श्वास जाईल इतका वेळ गेला असेल. ओली चादर दोरीवरून घसरावी तसा आवाज झाला, आणि मग हाड बेसिनवर आपटल्याचा. ती ओरडलीसुद्धा नाही. मी दिवा लावला. ती कोपऱ्यात गोळा होऊन पडली होती, एक पाय स्वतःच्याच पाठीखाली, तोंडातून रक्त, पुढचा दात तुटलेला. गळ्याजवळचं हाड कातडीखाली वर आलेलं. पडताना माणूस हात पुढे करतो. तिचे हात पुढे आलेच नव्हते.

"लाईट गेली," मी म्हणाले. "लाईट गेली होती, ताई."



हाड मोडलं म्हणून तिला मोठ्या सरकारी इस्पितळात न्यावं लागलं, आणि तिथे हाडांच्या डॉक्टरला तिचे हात बघून शंका आली. त्याने मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई साठीच्या असतील, बारीक, हळू बोलणाऱ्या. त्यांनी कंप कळतो का ते बघायला नणंदेच्या घोट्यावर एक थरथरणारा लोखंडी काटा टेकवला. "काय वाटतं?"

"काय वाटायचं? काही लावलंच नाही तुम्ही."

बाईंनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. कोपरावर मारली. हात हलला नाही. मग त्या म्हणाल्या, "आता डोळे मिटा." कारखान्याच्या डॉक्टरने हे एवढं एकच वाक्य म्हटलं नव्हतं.

बाईंनी तिच्या पायाचा अंगठा धरून वर केला. "वर की खाली?"

"काय वर की खाली?"

"अंगठा."

"तुम्ही धरलाय का अंगठा?"

मग त्यांनी तिला धडधाकट बाजूचा हात समोर सरळ धरायला लावलं, आधी उघड्या डोळ्यांनी. हात स्थिर राहिला. डोळे मिटल्यावर तो हळूहळू खाली, मग बाजूला निघाला, बोटं एकेक करून वेगळ्या दिशांना सरकू लागली, आणि चेहऱ्यावर मात्र हात समोर असल्याचा पूर्ण विश्वास. "धरलाय ना सरळ," ती म्हणाली. "अजून किती वेळ धरू?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

नंतर नसांना बारीक विजेचे झटके देऊन तपासणी झाली. बाईंनी आम्हाला बसवून सांगितलं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा वेगळ्या, आणि अंगाची खबर मेंदूपर्यंत आणणाऱ्या वेगळ्या. "यांचे हुकूम नीट जातात, म्हणून ताकद आहे. खबर येत नाही. त्यातही टोचणं, भाजणं हे बारीक नसांमधून येतं, त्या वाचल्या. स्पर्श, दाब, सांधा किती वाकलाय, स्नायू किती ताणलाय, ही खबर जाड, वेगवान नसांमधून येते. मानेखाली त्या गेल्या. कण्याच्या दोन्ही बाजूंना या नसांच्या पेशींच्या छोट्या छोट्या गाठी असतात. तापाशी लढायला निघालेलं शरीर कधीकधी चुकून त्यांच्यावरच तुटून पडतं."

"मग आम्हाला कसं कळतं?" नवऱ्याने विचारलं. "म्हणजे, हात कुठे आहे ते?"

"तुम्ही डोळे मिटून नाकाला बोट लावता. बोट नाकाला कसं सापडतं याचा कधी विचार केलात? करावा लागत नाही, कारण ही खबर दिवसभर, झोपेतसुद्धा, आत जात असते. यांना आता फक्त डोळे आहेत. दिसेल तेवढं अंग यांचं."

"परत येतील का त्या नसा?"

"बहुतेक नाही."

नणंद इतका वेळ छताकडे बघत होती. ती म्हणाली, "अंगठा?"

बाईंना कळलं नाही. मला कळलं. कात्रीवरचा अंगठा.

"आणि पडलात कशा?" बाईंनी विचारलं.

"लाईट गेली होती," मी पटकन म्हणाले.

नणंदेने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. तिला मी चौदा वर्षांत एकदाही, एकाही गोष्टीवर, न बोलता राहिलेलं पाहिलं नव्हतं.

इस्पितळाच्या तळमजल्यावर व्यायामाची खोली होती. तिथल्या व्यायामवालीला सगळे पेशंट 'हवालदार' म्हणायचे. वय जेमतेम तीस, अंगाने भक्कम, आवाज असा की भिंतीवरचं घड्याळ थांबावं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, उठून बसा."

"मी तुझी मावशी नाही."

"बरं. मावशी नाही तर पेशंट. पेशंट, उठून बसा."

"बसता येत असतं तर इथे तुझं तोंड बघायला आले असते का?"

"तोंड चालतंय. बाकीचं चालवू."

तिथून त्या दोघींचं युद्ध सुरू झालं. मी रोज क्लास संपवून तिथे जायचे, कारण तिला खुर्चीत घालून घरी आणताना दुसरं माणूस लागायचं. उठून बसायचं म्हणजे काय ते मी तिथे पाहिलं. आधी मान उचलायची, ती तिची तिला कळत होती. मग छातीकडे बघायचं. मग पोटाला हुकूम द्यायचा, पोट आवळलं की नाही ते डोळ्यांनी बघायचं, मग हात कुठे राहिले ते शोधायचे. एखादी गोष्ट विसरली की सगळा डोलारा खाली. आपण कुशीवरून उठतो तेव्हा अंग असं कितीतरी हिशेब आपल्या पाठीमागे करून टाकतं. तिला प्रत्येक हिशेब स्वतः मांडायला लागला. आधाराशिवाय बसायला तिला नऊ आठवडे लागले, आणि त्यातला प्रत्येक दिवस ती हवालदारला शिव्या देत होती. हवालदारही उलट बोलायची. "अंगचोरपणा करू नका," म्हणायची. सव्वीस वर्षांत एकही खाडा न केलेल्या बाईला!

मग अंडी आली. अंडं न फोडता उचलायचं. किती जोर लावला हे कळायला तिला एकच खूण होती, बोटांच्या टोकांचा रंग. पांढरी पडली म्हणजे जोर जास्त. तेरा अंडी फुटली. चौदावं तिने उचललं, आणि रागाच्या भरात हवालदारच्या तोंडावर फेकलं. ते तीन हात लांब, खिडकीच्या चौकटीवर जाऊन फुटलं.

हवालदार पोट धरून हसली. "फेकताना माझ्याकडे बघितलंत! हाताकडे बघून फेका, म्हणजे लागेल."

नणंदेने तिच्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकले. दुसऱ्या दिवशी तिने तीन अंडी न फोडता ठेवली.

माझ्या क्लासमध्ये मी मुलींना वर्षानुवर्षं एकच सांगत आले होते की बोटांकडे बघू नका, बोटांना माहीत असतं. त्या महिन्यांत हे वाक्य तोंडात आलं की मला पाणी प्यायला उठावं लागायचं.

घरात मात्र काही बदललं नव्हतं. मी तिला भरवायचे, धुवायचे, कपड्यांची बटणं लावायचे, आणि ती मला त्याबद्दल बोलणी ऐकवायची. पाणी थंड, पाणी गरम, हात जड, तोंड वाईट. मी ऐकून घेत होते. पूर्वी ऐकून घेत नव्हते. तिला हा फरक कळत होता आणि ती त्याचा पुरेपूर फायदा घेत होती.

मग एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. ती स्वतःच्या हाताने चमचा तोंडाकडे नेत होती, डोळे चमच्यावर खिळलेले. तिला शिंक आली. शिंकताना माणसाचे डोळे मिटतात. तेवढ्यात सगळं अंग सुटलं आणि ती तोंडावर ताटात आपटली.

मला हसू फुटलं. थांबवायच्या आत फुटलं.

नवऱ्याने तिला उचललं, तोंड पुसलं. ती शांतपणे म्हणाली, "हस. त्या दिवशी पण हसलीस का गं, बटण बंद केल्यावर?"

"कुठलं बटण?" नवऱ्याने विचारलं.

"न्हाणीघराचं. लाईट गेली नव्हती. खट् आवाज मी ऐकला. कान शाबूत आहेत माझे."

नवरा माझ्याकडे वळला. मी खोटं बोलू शकले असते. मी म्हणाले, "मला वाटलं ताई सोंग करतायत."

त्याने ताट बाजूला सारलं. म्हणाला, "तू उद्या माहेरी जा. परत कधी यायचं ते मी कळवीन."

"ती कुठेही जायची नाही," नणंद म्हणाली.

"ताई, हिने तुला..."

"मला उचलणार कोण? तू? तू दिवसभर लिफ्टमध्ये. ती गेली तर मी या पलंगावर कुजून मरेन. तिला ठेव. तिने केलंय, तीच निस्तरेल." आणि माझ्याकडे न बघता, "चमचा दे उचलून. खाली पडलाय."

मी चमचा उचलून दिला. नवरा माझ्याशी पाच आठवडे बोलला नाही. ती मात्र बोलत होती. दिवसभर.

वर्ष उलटलं तेव्हा ती काठी घेऊन चालायला लागली. चालणं म्हणजे खाली बघत, एकेक पाऊल ठरवून. चालताना कुणी हाक मारली तर थांबायचं, मगच उत्तर द्यायचं. दीड वर्षाने ती म्हणाली, "मला कारखान्यात ने."

"कशाला?"

"कात्री बसवायला. डोळ्यांनी बसवेन. पात्यांच्या फटीतून उजेड बघितला की बाक कळतो. मी घरी करून पाहिलंय."

तिने खरंच करून पाहिलं होतं, माझ्या शिवणाच्या कात्रीवर. आम्ही गेलो. मालकाला नाही म्हणायचं होतं, पण तिच्या तोंडाची भीती अजून गेली नव्हती. त्याने तिला खिडकीजवळ एक बाक दिला आणि एक दिवस दिला.

संपूर्ण खातं काम करत करत तिच्याकडे बघत होतं. ती पातं खिडकीसमोर धरायची, डोळा बारीक करायची, ऐरणीवर ठेवायची, हाताकडे बघून हातोडी उचलायची, मग पात्याकडे बघून मारायची, आणि पाहायला पुन्हा खिडकी. घाम तिच्या हनुवटीवरून गळत होता. संध्याकाळपर्यंत अकरा कात्र्या झाल्या.

तपासायला चष्मेवाला आला. ते आता त्याचं काम होतं. त्याने एकेक कात्री घेतली, उघडली, मिटली. सात डाव्या हाताला ठेवल्या. चार तिच्या ट्रेमध्ये टाकल्या. खणकन.

"ही कात्री आहे की चिमटा?" तो म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यानेही हसून म्हटलं नव्हतं. अठरा वर्षं साठवलेलं वाक्य होतं ते.

"खोटं बोलतोस," ती म्हणाली.

"बघा ना स्वतः. टोकाला खरखरते."

तिने कात्री उचलली. उघडली, मिटली. परत उघडली, मिटली. तिचा चेहरा मी बाजूने बघत होते. ती अंगठ्याकडे बघत होती, अंगठा हलत होता, आणि आतून काहीही येत नव्हतं. तो खरं बोलतोय की सूड घेतोय, हे सांगायला तिच्याकडे काही साधन नव्हतं. तिने ती माझ्या हातात दिली. "तू बघ."

मी उघडली, मिटली. माझ्या अडाणी अंगठ्यालासुद्धा कळलं. टोकाला बारीक खरखर होती.

"आहे," मी म्हणाले. "खरखर आहे, ताई."

नाही म्हणायला हवं होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिथून बाहेर पडताना दाराच्या उंबऱ्याशी मी तिचा दंड धरला. तिने आधी खाली पायांकडे, मग दंडाकडे पाहिलं. तेव्हा तिला कळलं की मी धरलंय. "सोड," ती म्हणाली. मी सोडला. दोन पावलांवर ती स्वतःच म्हणाली, "धर." त्यानंतर तीन महिने ती पलंगावरून उठली नाही. हवालदार घरी येऊन ओरडून गेली, दोनदा. काही उपयोग झाला नाही.

तिला उठवलं ते मज्जातंतूंच्या बाईंनी. त्यांचा निरोप आला की शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला असा पेशंट हवा आहे, याल का. "मी काय प्रदर्शनातली गाय आहे?" असं म्हणून तिने निरोप आणणाऱ्याला हाकललं. पण गेली. मला वाटतं भांडायला म्हणूनच गेली.

पहिल्याच दिवशी एका मुलाने तिच्या पायाचा अंगठा वर केला आणि विचारलं, "वर की खाली?"

"वर," ती म्हणाली.

मुलाने वहीत लिहिलं, स्थितीचं ज्ञान उत्तम.

"गाढवा," ती म्हणाली, "मला दिसतोय ना माझा अंगठा! डोळे मिटायला सांगितलंस का?" तो वर्ग चाळीस मुलांचा होता. त्या दिवशी तिने त्यातल्या सहा जणांना रडकुंडीला आणलं. नुसती ताकद बघून 'बरी आहे' म्हणणाऱ्या एका मुलीला तिने आपला तुटका दात दाखवला आणि तो कसा तुटला ते सांगितलं. मी दाराशी उभी होते. सांगून झाल्यावर माझ्याकडे काठी रोखून म्हणाली, "हीच ती. बघून घ्या." चाळीस जणांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

आता ती आठवड्यातून तीन दिवस तिथे जाते. शिकाऊ डॉक्टर तिला घाबरतात, आणि बाई म्हणतात की तिच्या हाताखालून गेलेली मुलं ती तपासणी जन्मात चुकत नाहीत. ते ऐकून तिला आनंद झाला का, हे मला सांगता येणार नाही. तिने इस्पितळाजवळ तळमजल्यावर एक खोली घेतली, सगळीकडे वीज गेली तरी चालणारे दिवे लावून घेतले, आणि तिसऱ्या मजल्यावरचं घर भावाच्या नावावर करून दिलं. "भावाच्या," ती मला म्हणाली. "तुझ्या नाही."

दिवे लावून घेताना मी तिच्याकडे होते. वायरमनची शिडी धरायला कुणी नव्हतं म्हणून मी धरली. तो गेल्यावर मी म्हणाले, "ताई, माझं चुकलं. मी कधी नीट बोलले नाही, पण चुकलं माझं."

"ठाऊक आहे मला."

"तुम्ही मला माफ..."

"नाही," ती म्हणाली. "आणि परत विचारू नकोस. मागच्या दिव्याची वायर लोंबतेय, ती आत खोच. मला पायात येईल."

मी खोचली.

रविवारी मी तिच्याकडे जाते. नवरा येतो कधी, कधी नाही. बेल वाजवली की तिला दारापर्यंत यायला चारेक मिनिटं लागतात. उठायचं, पाय बघायचे, काठी बघायची, निघायचं. चालताना बोलता येत नाही, म्हणून ती मध्ये थांबते, मला एक शिवी घालते, आणि पुन्हा चालू लागते. मी बाहेर उभी राहून ऐकते. तीन-चार शिव्या झाल्या की कडी वाजते.